मयताच्या घरचे



वऱ्हाडातल्या वकील आणि लेखकांच्या संमेलनात अध्यक्षाने साहित्याच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. ज्या घरातला माणूस कोणीतरी मारला, त्या घराला न्यायालयातून काय मिळते आणि त्या घराकडे क्षमेची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणाला आहे, हा तो विषय. या सभागृहात निम्मे लोक खुनाचे खटले चालवणारे आहेत आणि निम्मे माणसाच्या दुःखावर लिहिणारे. हे बोलायला याहून योग्य जागा मला सापडली नसती.

वऱ्हाडात फौजदारी काम केलेल्या कोणालाही विचारा. खुनाचे मूळ पुष्कळदा धुऱ्यावर सापडते. नांगराची दोन तासे इकडे की तिकडे, पांदण कोणाची, विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची, बहिणीने मागितलेला हिस्सा द्यायचा की नाही. अकोट तालुक्यातल्या मालपुऱ्यात 2015 च्या जूनमध्ये, ऐन पेरणीच्या दिवसांत, शेतीच्या वादातून चौघांचे खून झाले. मरणारे आणि मारणारे नात्यातले. अकोटच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली ती 2024 मध्ये. मधे नऊ वर्षे गेली. शिवाय सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने तो शेवट नव्हताच. अशा खुनात मयताची बाजू आणि आरोपीची बाजू अशी दोन घरे वेगळी काढताच येत नाहीत. ज्या बाईचा भाऊ गेला, तिचाच भाचा तुरुंगात असतो. दिवाळीत कोणी कोणाकडे जायचे, लग्नाची पत्रिका द्यायची की नाही, हे प्रश्न निकालपत्रात कुठेच येत नाहीत. त्यांचा निवाडा तिला घरात बसून, एकटीने करावा लागतो.

एका तालुक्याच्या न्यायालयात अशीच एक बाई माझ्याजवळ आली होती. नवऱ्याच्या खुनाचा निकाल नुकताच लागला होता. आरोपीला जन्मठेप झाली होती आणि आम्ही वकील मंडळी शिक्षेच्या कलमांवर बोलत उभे होतो. तिने विचारले, "साहेब, त्यायचा दुपट्टा तेवढा भेटते का मले?" तो दुपट्टा मुद्देमालात होता. पंचनाम्यात त्याची नोंद होती, लाखेचा शिक्का होता, रक्ताचे डाग तपासायला तो प्रयोगशाळेत जाऊन आला होता. निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात आपल्या सरावाचे वाक्य होते: मुद्देमाल क्षुल्लक किमतीचा असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. मी अर्ज लिहून दिला. पुढे काही वर्षांनी ती पुन्हा भेटली, तेव्हा म्हणाली, "तो सुट्टीवर गावात येऊन गेला. मले कोणी सांगतलंच नाही. पिठाच्या गिरणीवर समोर उभा दिसला." संचित रजा हा कैद्याचा कायदेशीर लाभ आहे आणि तो काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. पण त्या बाईला आदल्या दिवशी एक निरोप मिळाला असता तर कोणाचे काय बिघडले असते?

आपल्या कायद्यात खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा आहे. खटला सरकार चालवते, तडजोड होऊ शकत नाही, मयताच्या घरच्यांना शिक्षा देता येत नाही आणि माफही करता येत नाही. ही व्यवस्था मला योग्य वाटते. ती नसती तर धुऱ्यावरचा एक खून तीन पिढ्या चालला असता. लोकांचा या व्यवस्थेवरचा विश्वास उडतो तेव्हा काय होते, ते नागपूरने 13 ऑगस्ट 2004 रोजी पाहिले. त्या दिवशी न्यायालयाच्या इमारतीतच जमावाने गुंड अक्कू यादवला ठार मारले. ज्या वस्तीने त्याची दहशत वर्षानुवर्षे सोसली, तिचा राग मला समजतो, तरीही मी त्या कृत्याचे समर्थन करू शकत नाही. पण सूड घेण्याचा अधिकार राज्याने आपल्याकडे घेतला, तर त्या घराची काळजीही राज्याने घ्यायला हवी. आपण पहिली गोष्ट केली आणि दुसरी अर्धवट सोडली.

अर्धवट म्हणतो, कारण कागदावर बरेच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत 2009 च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने पीडिताला, म्हणजे मयताच्या वारसालाही, निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीने भरपाईची योजना आली आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तपास कुठवर आला हे 90 दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक केले. आता चिखलदऱ्याच्या किंवा बार्शीटाकळीच्या एखाद्या गावात जाऊन विचारा, यातले किती त्या घराला माहीत आहे. तिथे माहीत असते ती पुढची तारीख, आणि तीही पुष्कळदा आरोपीच्या माणसांकडून कळलेली.

आता क्षमेकडे वळतो. या विषयावर बोलण्याचा वऱ्हाडाला एक वेगळा हक्क आहे. महात्मा गांधींचे दुसरे चिरंजीव मणिलाल हे अकोल्याचे जावई. अकोल्याच्या नानाभाई मश्रूवालांची कन्या सुशीला हिच्याशी 1927 मध्ये त्यांचे लग्न झाले, तेही अकोल्यातच. तिसरे चिरंजीव रामदास नागपूरला राहत. वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी ते तिथूनच दिल्लीला गेले आणि चितेला अग्नी त्यांनी दिला. या दोघा भावांनी वडिलांचा खून करणाऱ्या नथुराम गोडसेची फाशी रद्द करावी, अशी विनंती सरकारला केली. रामदासांनी 1949 मध्ये नथुरामला तुरुंगात पत्रही लिहिले. त्या पत्रात कृत्यावर पांघरूण घातलेले नव्हते. केलेली चूक तुला एक दिवस कळावी, हीच त्यांची इच्छा होती. नथुरामचे उत्तर आले. सरकारने मात्र विनंती मानली नाही आणि 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात गोडसे आणि कटातला त्याचा साथीदार आपटे यांना फाशी दिली गेली.

या घटनेचा आपण फार सोयीस्कर वापर करतो. गांधींच्या मुलांनी क्षमा केली, मग तुम्हाला का जमत नाही, असे शोकात बुडालेल्या माणसाला ऐकवणारे मी पाहिले आहेत. त्या दोघांना कोणी क्षमा करायला सांगितले नव्हते. कोणी मध्यस्थी केली नव्हती, कोणी पैसे पुढे केले नव्हते, साक्ष फिरवण्यासाठी कोणी दार ठोठावले नव्हते. खेड्यातल्या विधवेकडे जी क्षमा मागितली जाते, तिच्या मागे बहुतेक वेळा सरपंच असतो, सोयरे असतात आणि साक्षीची तारीख जवळ आलेली असते. ती क्षमा नव्हे, तो दबाव आहे. घरच्यांनी क्षमा केली तर मी हात जोडीन. नाही केली तरी त्यांच्या माणुसकीत काही उणे आहे असे मी मानणार नाही.

मी स्वतः फाशीच्या विरोधात आहे, हे इथे स्वच्छ सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी ठोठावली होती. त्याच न्यायालयाने 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. गुन्ह्याच्या वेळी त्यांतला एक अल्पवयीन होता. 16 वर्षे त्यांची गेली, हे आपण बोलतो. पण त्या घरात ज्यांची माणसे मारली गेली, त्यांना 16 वर्षांनी कळले की ज्यांचा आपण तिरस्कार करत आलो, त्यांनी ते केलेच नव्हते. खरे गुन्हेगार कोण, हा प्रश्न त्यांच्या पदरात तसाच परत पडला. घाईने आणि रागाने केलेला तपास मयताच्या घराचीही फसवणूक करतो.

आणि शिक्षेच्या आकड्यात घराचे समाधान मोजू नका. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुले मारली गेली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती 25 वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. भैयालाल यांना फाशी हवी होती, पण तेवढेच नको होते. आपले कुटुंब जातीमुळे मारले गेले, हे न्यायालयाने म्हणावे यासाठी ते भांडत राहिले. दोन्ही न्यायालयांनी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. जानेवारी 2017 मध्ये ते गेले. जे घडले ते जसे घडले तसे कोणीतरी अधिकाराने म्हणावे, ही त्यांची मागणी दहा वर्षांत पुरी झाली नाही.

लेखक मित्रांना एक सांगायचे आहे. तुरुंगात कविसंमेलने होतात, व्याख्याने होतात. मोर्शीच्या खुल्या कारागृहात शेती करणाऱ्या कैद्यांवर लेख येतात. ते यायलाच हवेत. माणूस बदलतो यावर माझाही विश्वास आहे. पण खुन्याच्या मनात शिरणाऱ्या कथा-कादंबऱ्या आपल्याकडे आहेत, तशा मयताच्या घरात दहाव्या वर्षी काय शिजते, मुलगी बापाचे नाव शाळेच्या फॉर्मवर कसे लिहिते, हे लिहिलेले मी फार कमी वाचले. तिथे जाऊन बसायला धीर लागतो. तो दाखवा.

वकील मित्रांना माझी विनंती याहून नेमकी आहे. संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव मी स्वतः मांडणार आहे. प्रत्येक तालुका वकील संघाने खुनाच्या प्रत्येक प्रकरणात मयताच्या घरासाठी एक वकील नेमावा. प्रथम खबरीपासून भरपाईच्या अर्जापर्यंत, निकालापासून आरोपीच्या रजेच्या निरोपापर्यंत, तो विनामूल्य त्या घरासोबत राहील. मुद्देमालातली एखादी वस्तू घरच्यांना हवी असेल, तर नष्ट करण्याचा आदेश होण्यापूर्वी तो अर्ज करील. पहिले नाव माझे लिहून घ्या. बाकीची नावे आजच्या बैठकीत यावीत, अशी मी तुम्हा सर्वांना हात जोडून विनंती करतो.