तळ्यातला बास आणि घरट्यावरचा बाप

आजचा एपिसोड कोडिंगवर नाही आणि इंटरव्ह्यूवरही नाही. आज फक्त मासा. लार्जमाउथ बास.

मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनला नोकरी करतो. घराजवळ एक छोटं तळं आहे. शनिवारी सकाळी लॅपटॉपपासून लांब राहावं म्हणून तिथे जायला लागलो. आमच्या कोकणात याला गरवणं म्हणतात, आणि गरवलेला मासा थेट तव्यावर जातो. इथे मात्र बरेच जण मासा पकडतात, बघतात आणि सोडून देतात. मला आधी हा प्रकारच कळेना!

हळूहळू कळलं, की मजा बासला ओळखण्यात आहे. हा मासा गवतात, बुडालेल्या फांदीखाली दबा धरून बसतो. म्हणून इथली फेमस जोडणी म्हणजे टेक्सास रिग. दोरीवर गोळीच्या आकाराचं वजन, त्यामागे मऊ प्लास्टिकचं गांडूळ, आणि गळाचं टोक गांडुळाच्या आतच लपवलेलं. त्यामुळे ते गवतात सहसा अडकत नाही. टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं आणि नजर दोरीवर. खूपदा बास ते खाली जात असतानाच उचलतो. दोरी जरा बाजूला सरकली, की समजायचं!

जागतिक विक्रम माहितीये? १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी जॉर्जिया राज्यात २२ पाउंड ४ औंसांचा बास पकडला. म्हणजे दहा किलोंच्या वर. २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली. माझा रेकॉर्ड? तीन पाउंड. हसू नका.

आता खरा मुद्दा. वसंतात पाणी साधारण १५-१६ अंशांवर आलं, की नर बास काठाजवळ शेपटीने तळ साफ करून गोल घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. राखण बाप करतो. जवळ येईल त्याच्यावर धावून जातो, म्हणूनच तो तेव्हा अगदी सहज गळाला लागतो. आणि तो वर आला रे आला, की बाजूला टपलेले ब्लूगिल मासे अंड्यांवर तुटून पडतात.

टेक्सासमध्ये या काळात बासवर बंदी नाही. 'लगेच सोडला तर तो परत जातो,' असंही लोक म्हणतात. जातोही. पण तो परत पोचेपर्यंत राखायला किती उरलं असेल? मोठ्या धरणात हे कदाचित खपून जाईल. छोट्या तळ्यात घरटी असतात किती?

यंदा मार्चमध्ये असं एक घरटं मला काठावरून स्पष्ट दिसलं. मासा माझ्या तीन पाउंडवाल्यापेक्षा नक्की मोठा होता. दोन मिनिटं रॉड हातात धरून उभा राहिलो आणि पलीकडच्या खोल पाण्याकडे गेलो. दिवसभर काही लागलं नाही.

आपल्याकडे कोळी बांधव पावसाळ्यात होड्या काठावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन परत निघतात. थांबणं हाही मासेमारीचाच भाग आहे, हे आपल्याला नवीन नाही.

तुम्ही जाल तेव्हा लायसन्सचे नियम बघा, हात ओले करूनच मासा धरा, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात द्या आणि पटकन पाण्यात सोडा. तुम्ही असता तर त्या घरट्यावर गळ टाकला असता का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!