धुऱ्यावरची गोष्ट

२०१९ च्या जून महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याची वाट तासातासाला नोंदली गेली. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या गावांजवळून, नाल्यांच्या आडोशाने, उभ्या पिकांतून, बहुतेक रात्रीचाच चालत तो डिसेंबरमध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्यानंतरची भटकंती धरून नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर! आपलं असं रान हवं, शिकार हवी, जोडीदारीण हवी, एवढ्यासाठी ही पायपीट. मुलांच्या साहसकथेला याहून भक्कम कथानक कुठे मिळणार? यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की त्या वाघाची बरीचशी वाट अभयारण्यांतून गेलीच नाही. ती शेतांतून गेली. मुलांसाठी लिहिली जाणारी आपली रानकथा मात्र अजून अभयारण्याच्या फाटकातून आत शिरते आणि शेताचा धुरा तिला दिसत नाही.

या जिल्ह्यातल्या मुलाला रानातलं जनावर सहलीत भेटत नाही. रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरतो, रानडुकरं मक्याची नासधूस करतात, म्हणून बाप रात्री जागलीला जातो आणि मूल घरी त्याची वाट पाहतं. भीती, राग, कुतूहल, सगळं तिथे एकाच वेळी असतं. अशा वाचकाच्या हाती आपण ‘प्राणी आपले मित्र’ असं सांगणारी गोष्ट दिली, तर ती त्याला खोटी वाटते, आणि पुस्तक खोटं वाटलं की मूल ते खाली ठेवतं.

कोणी म्हणेल, पंचतंत्रातले प्राणी बोलतात, तेही खोटंच की! पण तिथला कोल्हा माणसाची नीती सांगायला आलेला असतो, आणि ते काम तो चोख करतो. खऱ्या कोल्ह्याची गोष्ट हे वेगळं काम आहे. दुसरा आक्षेप असा, की माहिती आली की गोष्ट मरते. मला हे पटत नाही. गोष्ट मरते ती चिकटवलेल्या माहितीने. अस्वलाचंच घ्या. त्याला वरचे मधले दोन पटाशीचे दात नसतात. वारूळ उकरलं की ते आधी फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या मिटतं आणि दातांच्या फटीतून वाळवी ओढून घेतं. तो आवाज लांबवर ऐकू जातो. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. पिल्लं तिच्या दाट केसांना धरून बसतात. पहाटे बोरं वेचायला निघालेल्या मुलीच्या कानावर तो आवाज पडला, तर ती पुढे जाईल की मागे फिरेल? इथे माहितीतूनच प्रसंग उभा राहतो. अस्वल बहुतेकदा दचकून अंगावर येतं, हे जाणणारा लेखक त्या मुलीला योग्य क्षणी थांबवेल. म्हणूनच ‘अशा गोष्टी वाचून मुलं रानात जातील आणि जिवाला मुकतील’ ही पालकांची काळजी मला उलटी वाटते. रानाशेजारी राहणाऱ्या मुलाला धोका अज्ञानाचा जास्त आहे.

सर्वांत अवघड प्रश्न शेतकऱ्याचा आहे: ज्याने पीक खाल्लं, त्याच्यावर मुलाने प्रेम का करावं? गोष्टीने तशी मागणी करूच नये. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीतलं क्रौर्य कुठेही सौम्य केलेलं नाही, तरी त्या टोळीपासून वाचक नजर काढू शकत नाही. ती मोठ्यांसाठीची कादंबरी आहे, पण तिचा प्रामाणिकपणा मुलांनाही पेलतो. हाच प्रामाणिकपणा शब्दांतही हवा. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत आयुष्य घालवून रानातल्या लोकांकडून पाखरांची, झाडांची नावं गोळा केली. तो शब्दसाठा आपल्या हाताशी आहे. इथे रोही म्हणतात, तर गोष्टीतही रोहीच हवा. त्याची ‘नीलगाय’ झाली की ओळखीचं जनावर परकं होतं.

इथे जमलेल्या लिहित्या मंडळींना माझी एकच विनंती आहे. हिवाळ्यात हरभऱ्याची जागल सुरू झाली की एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या माळ्यावर एक रात्र काढा. उजाडल्यावर धुऱ्यावर उमटलेले पाय त्याच्याकडून ओळखून घ्या, आणि मग लिहायला बसा.