रात्र सुधारली, दिवसाचं काय?



अधिवेशनाच्या अध्यक्षीय भाषणात आपल्या शास्त्राचा समग्र आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच तक्रारीवर बोलणार आहे. ती तुमच्याही ओपीडीत येते: "डॉक्टर, मशीन रोज लावतो. घोरणं बंद झालं. पण दिवसा तसाच गळून जातो." आपण त्या सीपॅप मशीनचा रिपोर्ट उघडतो. श्वास अडखळण्याचं प्रमाण, म्हणजे एएचआय, दर तासाला चाळीसवरून तीनवर आलेलं दिसतं. मग "सगळं छान आहे, चालू ठेवा" असं सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. उपचार पुरा झाला की नाही, हे केवळ त्या तीनवर ठरवू नये. रुग्णाचा दिवस कसा जातो यावर ते ठरावं. आज मला एवढंच मांडायचं आहे.

झोपेत श्वास अडखळण्याचा हा आजार वैद्यकशास्त्राच्या नजरेत आला तोच मुळी दिवसाच्या झोपेमुळे. १९५६ साली बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णाचं वर्णन प्रसिद्ध केलं. हे व्यावसायिक गृहस्थ दर आठवड्याला पत्ते खेळायला बसत. एका डावात त्यांच्या हाती तीन एक्के आणि दोन बादशहा आले, आणि असा जिंकणारा डाव हातात असताना ते बसल्या जागी झोपी गेले. त्यानंतर ते रुग्णालयात दाखल झाले. घोरण्याची तक्रार घेऊन ते आले नव्हते. पुढे १९७६ च्या सुमारास गिलमिनो यांच्या कामामुळे स्लीप ॲप्निया हे नाव रूढ झालं, आणि १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन पाच रुग्णांचे घसे रात्रभर उघडे ठेवून दाखवले. रुग्ण सकाळी आपणहून उठले आणि दिवसभर जागे राहिले, याची नोंद त्या पहिल्या निबंधातही आहे. म्हणजे सीपॅपचा शोध लावणाऱ्यांनी यश मोजताना दुसरा दिवसही पाहिला होता. पुढे यंत्रं हुशार झाली, रोजचे आकडे मोबाइलवर येऊ लागले, आणि दिवस आपल्या नजरेतून सुटला.

हा आजार आपल्याकडे थोडाथोडका नाही. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात झोपेतल्या श्वसनाचा बिघाड १९.५ टक्क्यांत आणि दिवसाच्या लक्षणांसह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत आढळला. मशीन व्यवस्थित वापरूनही झोपाळू राहणारे किती? फ्रान्समधल्या २००९ च्या बहुकेंद्री अभ्यासात हे प्रमाण १२ टक्के होतं. पाय अस्वस्थ होण्याचा विकार, नैराश्य, नार्कोलेप्सी अशी दुसरी कारणं असलेले रुग्ण वगळल्यावर ते सहा टक्क्यांवर आलं. या दोन आकड्यांमधलं अंतर महत्त्वाचं आहे. तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बाबतीत शोधण्यासारखं दुसरं काहीतरी होतं. शोधायचं ठरवलं तर ते सापडतं.

सुरुवात कुठून करायची? आधी रुग्णाला बोलू द्यावं. "थकवा आहे" म्हणून तो थांबला की पुढचं आपण विचारायचं: बसल्या जागी डोळा लागतो, की झोप येत नाही पण अंगात जोर नाही? पेंग येणारा माणूस आणि हातपाय गळालेला माणूस यांच्या तपासण्या वेगळ्या आहेत. पहिल्याची झोप अपुरी किंवा तुटक असते, किंवा मेंदूची जागं ठेवणारी व्यवस्थाच दुबळी झालेली असते. दुसऱ्यात रक्त, थायरॉइड, हृदय आणि मन पाहावं लागतं. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली दिलेली एपवर्थ प्रश्नावली आपण सगळे वापरतो. त्यात आठ प्रसंग आहेत, एकूण गुण २४, आणि दहाच्या वर गेलं की झोपाळूपणा जास्त मानायचा. पण त्यातले दोन प्रसंग मोटारीतले आहेत, आणि आपले कितीतरी रुग्ण मोटारीत बसतच नाहीत. गुण त्या आठ प्रश्नांवरच मोजावेत. त्यानंतर मात्र एसटीत खिडकीशी बसल्यावर, कीर्तनाला बसल्यावर, दुचाकी सिग्नलला थांबल्यावर काय होतं, हे जरूर विचारावं. आणि बायकोला किंवा नवऱ्याला खोलीबाहेर ठेवून हे प्रश्न विचारू नयेत. जेवताना हातातला घास तसाच राहतो, हे रुग्णाला ठाऊक नसतं. ते समोर बसलेल्याला ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट, तासांची. माझ्याकडे चाळीत राहणारे एक गृहस्थ येत. मशीनच्या आलेखात रोजच्या वापराची एक पट्टी असते. त्यांच्या सगळ्या पट्ट्या रात्री साडेअकराच्या आसपास सुरू होत आणि पावणेचारला कापल्यासारख्या संपत. मास्क टोचतो का, दाब जास्त होतो का, तोंड कोरडं पडतं का, असं तंत्रज्ञांनी सगळं विचारून घेतलं होतं. उत्तर वेगळंच निघालं. चार वाजता नळाला पाणी येतं. ते उठतात, पिंप भरतात, कळश्या भरतात, शेजारच्या म्हातारीच्या दोन बादल्या भरून देतात, आणि पाच वाजता पुन्हा आडवे होतात ते सातपर्यंत. "आता तासाभरासाठी कुठे ते सगळं परत बांधायचं," असं म्हणून मास्क लावत नाहीत. सरासरी सव्वाचार तासांची येत होती, म्हणून रिपोर्टवर शेरा चांगला होता.

हे चार तास आले कुठून? महिन्यात सत्तर टक्के रात्री किमान चार तास, हा निकष अमेरिकेतल्या मेडिकेअर विम्याने मशीनचे पैसे देण्यासाठी लावला. आपण तो निरोगीपणाची रेषा म्हणून उचलला. २००७ साली टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चार तासांच्या वापराने अनेकांचे एपवर्थचे गुण सुधारतात, पण प्रयोगशाळेत मोजलेला झोपाळूपणा सुधारायला सहा तास लागतात, आणि रोजची कामं नीट जमू लागायला साडेसात. शिवाय स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम झोप, रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात जास्त असते. त्या झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांत ढिले पडतात आणि श्वास सगळ्यांत जास्त वेळ अडतो. आमच्या गृहस्थांचा तोच भाग रोज उपचाराविना जात होता. पाणी भरून आल्यावर मास्क पुन्हा लावायचा, आणि दुपारी झोपलात तर तेव्हाही, एवढंच ठरलं. दीड-दोन महिन्यांत त्यांच्या पत्नीने सांगितलं की रात्री जेवण झाल्यावर आता ते नातवाचा अभ्यास घेतात.

उलट, मशीन अगदी नेमाने लावूनही एकूण झोपच साडेपाच तासांची असेल, तर मशीन काय करणार? कर्जत, कसारा, विरारहून पहिली लोकल पकडणाऱ्यांना, साखर कारखान्यातल्या रात्रपाळीवाल्यांना हे स्पष्ट सांगावं लागतं. मशीन श्वास मोकळा करतं, झोपेचे तास वाढवत नाही. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. ते मिळवणं अनेकांच्या हातात नसतं, हे मला कळतं. तरी दर वेळी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी हा हिशेब मांडला पाहिजे.

मशीनच्या आकड्यावर किती विसंबायचं, तेही सांगतो. मशीन हवेच्या प्रवाहावरून अंदाज बांधतं. माणूस झोपला आहे की डोळे मिटून पडला आहे, हे त्याला कळत नाही. मेंदू क्षणभर जागा होतो, ते त्याला दिसत नाही. मास्कमधून हवा गळत असेल तर त्याचा अंदाज आणखी चुकतो. काहींच्या बाबतीत दाब सुरू केल्यावर मेंदूकडून श्वासाचा हुकूमच थांबतो, म्हणजे मध्यवर्ती प्रकारचे थांबे दिसू लागतात. ते बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप कमी होतात, काहींचे होत नाहीत. म्हणून वापर पुरेसा, तास पुरेसे, गळती नाही, आणि तरी माणूस पेंगतो आहे, अशा वेळी मास्क लावलेल्या स्थितीत पुन्हा पूर्ण स्लीप स्टडी करावी. खर्चाचं कारण सांगून ती टाळली जाते. पण हजारो रुपयांचं मशीन विकत घ्यायला लावल्यावर ते काम करतं आहे की नाही, हे पाहणं आपलं कर्तव्य आहे.

आता एका मुख्याध्यापिका बाईंबद्दल. त्यांचे आकडे बघून कोणीही खूश झालं असतं. वापर सात तास, एएचआय दोन. पण दुपारच्या शिक्षकसभेत त्यांना डोळे उघडे ठेवता येत नव्हते, आणि संस्थाचालकांपर्यंत ती गोष्ट गेली होती. चाळिशीनंतर बायकांना असं व्हायचंच, असं त्यांना बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या की रात्री पलंगाच्या कडेला बसून त्या टाचा फरशीवर आपटत राहतात, धाकटी मुलगी पाय चेपून देते तेव्हा कुठे बरं वाटतं. मास्क लावलेला असतानाही पायांची ही ओढ त्यांना झोपू देत नव्हती. फेरिटिन ११ निघालं. अस्वस्थ पायांच्या विकारात ते ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. हिमोग्लोबिन मात्र अगदी काठावर होतं, म्हणून आजवर कोणी पुढे पाहिलं नव्हतं. शिवाय सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेली लिव्होसेट्रिझिन त्या वर्षानुवर्षं रोज घेत होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा देशात मशीन लावलेल्या स्त्रीचा थकवा ऐकून फेरिटिन न तपासणं मला क्षम्य वाटत नाही. थायरॉइड, बी-१२, साखर, नैराश्य हे तुम्ही पाहताच. पाकिटातल्या गोळ्या मात्र टेबलावर ओतून पाहा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन, खोकल्याची औषधं, सगळं निघतं.

एवढं करूनही काही माणसं झोपाळू राहतात. त्यांच्यावर आपण विश्वास ठेवला पाहिजे. सिग्रिड व्हीझी यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की झोपेत ऑक्सिजन वारंवार कमी होत राहिला, तर जागं ठेवणाऱ्या मेंदूपेशींना इजा होते आणि ती सहज भरून येत नाही. माणसात नेमकं असंच घडत असेल, तर वर्षानुवर्षं उपचाराविना राहिलेल्या रुग्णाचा दोष काय? घरी त्याला आळशी म्हणतात, ऑफिसात कामचुकार म्हणतात, आणि शेवटी दवाखान्यातही त्याला मशीनचा आलेख दाखवून गप्प केलं जातं. मला याचा मनापासून त्रास होतो. या रुग्णांसाठी औषधं आहेत. अमेरिकेत मोडाफिनिलला या कारणासाठी २००४ साली आणि सोल्रियामफेटॉलला २०१९ साली मान्यता मिळाली. युरोपच्या औषध संस्थेने मात्र २०१० साली मोडाफिनिल नार्कोलेप्सीपुरतंच ठेवायला सांगितलं, कारण इतर रुग्णांत फायद्यापेक्षा धोका जास्त वाटला. हा मतभेद लक्षात ठेवूनच चिठ्ठी लिहावी. आधी नार्कोलेप्सी नाही ना याची खात्री, मग रक्तदाब, हृदय आणि मनःस्थिती पाहणं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम मोडाफिनिलने कमी होतो, हे तरुण स्त्रियांना सांगितलंच पाहिजे. औषधाने घसा उघडत नाही, त्यामुळे मशीन सुटता कामा नये. तरतरी आली की मास्क कपाटात जातो, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

वाहन चालवणाऱ्यांबाबत मी तडजोड सुचवणार नाही. ट्रक, टेम्पो, शाळेची बस, वडाप, काहीही असो, पेंग थांबेपर्यंत स्टिअरिंग नाही, हे केसपेपरवर लिहून द्यावं. रोजी बुडेल म्हणून चालक ही तक्रार लपवतो. म्हणून त्याला दरडावण्याऐवजी लवकर पुढची तारीख द्यावी आणि जागं राहण्याची चाचणी, चाळीस मिनिटांची, शक्य असेल तिथे करावी. लवकर मोकळा करू असं वचन मिळालं तर तो खरं सांगतो.

शेवटी एक ठोस मागणी. आज अनेक ठिकाणी मशीन दुकानदाराकडून थेट घरी पोहोचतं, आणि त्यानंतर रुग्णाला कोणी फोन करत नाही. दुसऱ्या आठवड्यात तंत्रज्ञाचा फोन, पहिल्या आणि तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांची भेट, हे प्रत्येक केंद्राने बांधून घ्यावं. फोनवर विचारायचे प्रश्न दुपारच्या सत्रात तंत्रज्ञ मंडळी ठरवणार आहेत. त्यात पहिला प्रश्न "काल दुपारी कुठे डोळा लागला का?" असा असावा, आणि मास्कचा प्रश्न त्यानंतर यावा, अशी माझी अध्यक्ष या नात्याने सूचना आहे.