जुन्या यंत्राला निरोप देताना



पत्रिकेवर आजचा विषय वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. संगणकाचे कर्नेल बांधताना प्रोसेसर कोणता निवडावा, हा काय वसंतातल्या सायंकाळी ऐकण्याचा विषय झाला? परंतु या रुक्ष प्रश्नाच्या पोटात एक जुनाच प्रश्न दडलेला आहे: नव्याची सोय पाहताना जुन्याला कोठवर सांभाळायचे?

प्रथम ओळख करून घेऊ. प्रोसेसर म्हणजे आज्ञा पाळणारे यंत्र. त्याला ठरावीक आज्ञाच समजतात. कर्नेल म्हणजे त्या यंत्राचा कारभारी. कोणत्या कामाला किती वेळ, किती जागा, हे वाटून देणारा तोच. माणसांनी लिहिलेला कर्नेलचा मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरवणे, ही झाली बांधणी. लिनक्स नावाचे कर्नेल बांधू लागले की आधी एक लांबलचक प्रश्नावली समोर येते. तीत एक प्रश्न असा, की तुमचा प्रोसेसर कोणत्या घराण्यातला? या उत्तरावरून बांधणीत कोणत्या आज्ञा वापरायच्या ते ठरते. ज्याला फक्त बालबोध वाचता येते त्याच्या हाती मोडीतला कागद देऊन चालत नाही, तसेच हे.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. एका मित्राच्या जुन्या पेंटियम यंत्रासाठी आम्ही आमच्या नव्या यंत्रावर कर्नेल बांधले. मोठे नाव ते चांगले, अशा समजुतीने उत्तर दिले, पेंटियम प्रो. जुने यंत्र सुरू केले, तो पडद्यावर एवढाच मजकूर, की या कर्नेलला ६८६ हवा, येथे ५८६ सापडला. पुढे सारे स्तब्ध! १९९५ सालच्या पेंटियम प्रोला 'अट पुरी झाली तरच हे मूल्य तिकडे ने' ही एक आज्ञा समजत होती. जुन्या पेंटियमला ती ठाऊकच नव्हती. दोष यंत्राचा नव्हे, आमच्या उत्तराचा.

मग सर्वांत जुने घराणे निवडले की झाले, असे कोणी म्हणेल. त्याचीही किंमत असते. इंटेलचा ३८६ हा प्रोसेसर १९८५ चा. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्स लिहिले ते याच जातीच्या यंत्रावर. म्हणजे हे लिनक्सचे जन्मघरच! पण ३८६ मध्ये दोन उणिवा होत्या. आसन रिकामे आहे काय हे पाहणे आणि त्यावर नाव लिहिणे या दोन क्रियांच्या मध्ये दुसऱ्या कारकुनाने हात घातला तर एकच आसन दोघांना जाते. पाहणे आणि लिहिणे एका दमात उरकणारी आज्ञा १९८९ च्या ४८६ मध्ये आली. ३८६ ला ती नव्हती. दुसरे असे, की 'येथे लिहू नये' असे बजावलेल्या पानावर खुद्द कारभारी लिहू लागला, तर ३८६ त्याला अडवीत नसे. या उणिवा भरून काढण्यासाठी कर्नेलमध्ये ठिकठिकाणी वेगळी तरतूद ठेवावी लागे, आणि तिचे ओझे सांभाळणाऱ्यांच्या डोक्यावर पडे. अखेर डिसेंबर २०१२ मध्ये ही तरतूद काढून टाकण्यात आली आणि फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून ३८६ चा आधार संपला. टोरवाल्ड्स यांनी तो बदल हळहळ न करता स्वीकारला.

या दोन टोकांच्या मध्ये एक शहाणपणाची वाट आहे. सर्वांसाठी कर्नेल वाटणारे लोक बांधणी बेताच्या जुन्या घराण्यासाठी करतात. मग यंत्र सुरू होताना कर्नेल प्रोसेसरला विचारते, "तुला काय काय येते?" आणि उत्तर पाहून काही ठिकाणच्या आज्ञा जागच्या जागी बदलून अधिक चांगल्या घालते. म्हणून ज्याला एकाच यंत्रासाठी बांधायचे आहे त्याने नेमके घराणे निवडावे. ज्याला अनेकांना द्यायचे आहे त्याने आपल्या यंत्राकडे न पाहता घेणाऱ्यांतल्या सर्वांत दुबळ्या यंत्राकडे पाहावे.

तथापि 'बेताचे जुने' ही रेघही पुढे सरकतेच. डेबियन या लिनक्स-संचाने २०१७ च्या आवृत्तीपासून ५८६ ची यंत्रे सोडली. ती सोडणे चूक होते असे आम्ही म्हणणार नाही. एकाच्या सोयीसाठी शंभरांच्या माथी ओझे किती काळ ठेवायचे? पण निरोप देण्याचीही रीत असते. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या पुसल्या गेल्या नाहीत. ज्याच्यापाशी ३८६ आहे त्याला ३.७ आजही बांधता येते. मात्र तिच्यात पुढे सापडणारे दोष कोणी दुरुस्त करून देणार नाही, हेही त्याने समजून असावे.

प्रश्नावलीतले ते उत्तर एका शब्दाचे असते. पण त्या शब्दाने कोणाचे तरी यंत्र चालते आणि कोणाचे तरी बंद पडते. उत्तर देणाऱ्याने ज्याचे बंद पडणार त्याची एकदा आठवण करावी, इतकेच आमचे मागणे आहे.