प्रार्थनामंदिरांतील गळा: जॉन मॅकॉर्मॅक
(महोत्सवाच्या संगीत-संध्येस धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



देवळांतील गायन म्हणजे शिडीची पहिली पायरी. नांव झालें कीं ती सोडावयाची, असें आपल्या कित्येक तरुणांस वाटतें. गायनवृंदाचीं अर्धीं बांकें त्यामुळेंच रिकामीं असतात. म्हणून आयर्लंडच्या एका गायकाचें चरित्र आज तुमच्यापुढें ठेवितों.

जॉन मॅकॉर्मॅक यांचा जन्म १४ जून १८८४ रोजीं अॅथलोन गांवीं झाला. आईबाप लोकरीच्या गिरणींत कामास. घरांत अकरा लेंकरें. डब्लिनच्या प्रो-कॅथीड्रलांतील गायनवृंदांत व्हिन्सेंट ओब्रायन यांनीं त्यांस घेतलें आणि त्यांचा गळा घडविला. पुढें मिलान येथें शिक्षण, १९०६ सालीं साव्होना येथें ऑपेरांत पदार्पण आणि १९०७ सालीं लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्यें प्रमुख भूमिका. वय अवघें तेवीस! ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊ समजा. तेथें संवादहि बहुधा गाऊनच होतात.

त्यांचा अभिनय यथातथाच, आणि हें ते स्वतः जाणून होते. श्वासावर मात्र विलक्षण सत्ता. मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’मधील त्यांची १९१६ सालची ध्वनिमुद्रिका अवश्य ऐकावी: लांबलचक तान एका श्वासांत, आणि ओढाताण कोठेंच नाहीं. १९२३ नंतर ऑपेरा सोडून ते मैफलींतच रमले. तेथें थोर रचनांच्या जोडीस साधीं आयरिश गीतें गात. कांहीं जाणकारांनीं नाकें मुरडलीं. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. त्यांच्या गाण्यास वेश आणि रंग लागतच नव्हता.

पोप अकरावे पायस यांनीं १९२८ सालीं त्यांस काउंट ही पदवी दिली. चार वर्षांनीं, २६ जून १९३२ रोजीं, फीनिक्स पार्कांत युकॅरिस्टिक काँग्रेसची समारोपाची मिस्सा झाली. (हीच काँग्रेस १९६४ सालीं मुंबईस भरली.) सुमारें दहा लक्ष भाविकांपुढें त्यांनीं ‘पानिस अँजेलिकस’ गायिलें. शब्द संत थॉमस अक्वायनस यांचे, चाल सेझार फ्रांक यांची. आणि गायनवृंदाचे सूत्रधार? तेच व्हिन्सेंट ओब्रायन! जगभर फिरून आलेला शिष्य पुन्हां आपल्या गुरूच्या हाताच्या खुणेवर, वेदीपुढें गात होता.

निवृत्तीनंतरहि दुसऱ्या महायुद्धांत रेड क्रॉससाठीं ते उभे राहिले आणि श्वास साथ देईनासा होईपर्यंत गायिले. १६ सप्टेंबर १९४५ रोजीं त्यांस देवाज्ञा झाली.

आतां आपला गायनवृंद तेंच गीत म्हणेल. मी खालीं बसतों.