जेवत काय होते?



एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर बसणारा माणूस युद्धावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. दोष सरांचा आहे. दहावीत पानिपतच्या पराभवाची कारणं मी दोन पानं भरून लिहिली होती. भाऊंचा हट्ट, विश्वासरावांना लागलेली गोळी, संक्रांत, सगळं. सरांनी पाचपैकी एक गुण दिला आणि समासात लाल शाईने लिहिलं, ‘जेवत काय होते?’ मागच्या बाकावर आम्ही पोट धरून हसलो.

त्या प्रश्नाने मला गाठलं मे २०२० मध्ये. कोरोनामुळे मार्केट आठवडाभर बंद. गाळ्यात गोण्या पडून, गावाकडून शेतकऱ्यांचे फोन, आणि मुंबईतली गिऱ्हाइकं विचारतायत, माल कधी? घरी बसून इतिहास वाचायला घेतला तो तेव्हा.

१७२८ साल बघा. निजामाची फौज पुण्यात शिरलेली. बाजीराव पुणं सोडवायला आलेच नाहीत. ते उलट निजामाच्या मुलखात घुसले. औरंगाबादला धोका दिसताच निजाम मागे धावला आणि त्या धावपळीत जड तोफा मागे राहिल्या. वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांनी त्याला घेरून दाणा-पाणी तोडलं. मोठी लढाई झालीच नाही, मुंगी-शेवगावला तह झाला. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती माँटगोमरी यांनीही या मोहिमेची तारीफ केली आहे.

आणि ३३ वर्षांनी तेच आपल्यावर उलटलं. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. त्याची रसद मारायला गेलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारीला आपले लोक लढायला निघाले ते उपासमारीने जेरीस येऊन.

पुस्तकांत बाजारबुणग्यांना फार शिव्या आहेत. गर्दी अडचणीची होती, खरं आहे. पण लष्कराबरोबर धान्याचा बाजार चालायचा तो त्यातल्याच काही लोकांच्या जिवावर. धंद्यातला माणूस म्हणून जरा बाजू घेतो, माफ करा.

२०२२ मध्ये कीवच्या रस्त्यावर रशियाचा साठेक किलोमीटरचा ताफा अडकला, तेव्हा टीव्हीवर सगळे रणगाडे मोजत होते. मी मागच्या ट्रका बघत होतो. डिझेल कुठून येणार, शिधा कुठून? त्याच सुमारास आपल्याकडे सूर्यफूल तेल महागलं, कारण ते मुख्यतः युक्रेनहून यायचं. ही लढाई घरात बायकोला माझ्या आधी कळली.

सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तो एक गुण बरोबर होता. उत्तर पुन्हा लिहून आणलंय, चार पानं झालीत. पण आधी जेवून घ्या, मग तपासा.