करूलालो, करायलो, करतोय

आजचा भाग जरा घरगुती आहे. विषय आहे आपली बोलण्याची ढब, म्हणजे गावाहून पुण्यात आलं की सहा महिन्यांत जी कुठं जाते ते आपल्यालाच कळत नाही, ती.

आधी माझा पत्ता सांगतो, कारण या विषयात पत्ता महत्त्वाचा. माझं बालपण नांदेडचं. पप्पा मूळचे लातूर जिल्ह्यातले, उदगीरकडचे. त्यामुळं आमच्या घरात एकाच क्रियापदाची दोन रूपं नांदायची. पप्पा म्हणायचे "काय करूलालास?" आणि मी उत्तर द्यायचो, "अभ्यास करायलो." आई दोन्ही बोलते, समोर कोण आहे त्यावर. पुण्यात आलो आणि तिसरं रूप लागलं, "करतोय."

आता गंमत बघा. "करू लागलो" हे जीभ घाईत म्हणते तेव्हा "करूलालो" होतं. "करायला लागलो"चं "करायलो" होतं. आणि "करतो आहे"चं "करतोय." तिन्ही एकाच कारखान्यातून निघालेली, लांब क्रियापद आखूड करून. पण "करतोय" म्हटलं की कुणी वळून बघत नाही आणि "करूलालो" म्हटलं की ऑफिसच्या कँटीनमध्ये अख्खं टेबल हसतं. दोष क्रियापदाचा नाही. कुणाची काटछाट पुस्तकात गेली आणि कुणाची बाहेर राहिली, एवढाच फरक.

बाहेर का राहिली, त्यालाही इतिहास आहे. मराठीची छापील व्याकरणं, शाळेची पुस्तकं, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, हे बहुतेक मुंबई इलाख्यात तयार झालं आणि पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची भाषा प्रमाण ठरली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथं कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे आपल्या आज्या-आजोबांची पिढी घरात मराठी आणि कागदावर उर्दू अशी वाढली. म्हणून जमीन रस्त्यात गेली की आपल्याकडं अजूनही "मावेजा" मिळतो.

उलट्या बाजूनंही देवाणघेवाण झालीच. हैदराबादी माणूस "नक्को" म्हणतो ना, तो आपला "नको" आहे. देगलूर, धर्माबादकडं तेलुगू कानावर पडते, उदगीर, निलंग्याकडं कानडी. लातूरची येळवस घ्या. कानडीत तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. आपल्या जिभेवर ती येळवस झाली. आणि कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा कुणाला तरी वाटलं, हे खेडवळ लोक "वेळ"ला "येळ" म्हणतात, म्हणजे मूळ शब्द "वेळ" असणार. झाली "वेळा अमावास्या"! जे चुकलंच नव्हतं तेही दुरुस्त करून टाकलं, असं मला तरी वाटतं.

ढब बदलायला पुणेच लागतं असंही नाही. मी अकरावी-बारावीला लातूरला होतो. ट्यूशन एरियातल्या होस्टेलवर एका खोलीत बीडचा, परभणीचा, उदगीरचा आणि मी. पहिले दोन महिने एकमेकांची नक्कल करून हसण्यात गेले. तिसऱ्या महिन्यात माझ्या तोंडून "जाऊलालो" निघालं आणि कुणी हसलंच नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही. सुट्टीत नांदेडला गेलो तर मित्र म्हणाले, "लातूरचा झालास बे." ते मला लागलं नाही, कारण दोन्हीकडं आपलेच लोक होते. पुण्यात बदललो ते वेगळं होतं. तिथं मी भिऊन बदललो.

माझ्यापुरतं सांगतो, काय कोणत्या क्रमानं गेलं. आधी शब्द गेले. मग "लोक म्हणतेत" चं "लोक म्हणतात" झालं, "गेल्तो" चं "गेलो होतो" झालं. मग ण आणि न वर पहारा बसला. सगळ्यात शेवटपर्यंत राहिला तो सूर, वाक्याच्या शेवटी येणारा हेल. तो राग आला की अजूनही येतो.

आणि शहरात माणूस एकाच ढबीत बोलत नाही. सकाळी स्टँडअप कॉलवर माझी एक मराठी असते, दुपारी जेवताना दुसरी. मोशीला माझ्या मावसभावाच्या रूमवर गेलो की तिसरी, कारण तिथं सगळे आपल्याकडचेच. आईचा फोन आला की चौथी. कॉल आला की मी उठून जिन्यात जातो. चार वर्षं मला वाटायचं की रेंजसाठी जातो.

न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली विल्यम लबोव्ह नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला होता. महाग, मध्यम आणि स्वस्त अशी तीन मोठी दुकानं निवडली. तिथल्या कामगारांना तो असा प्रश्न विचारायचा की उत्तर "फोर्थ फ्लोअर" असंच यावं. मग ऐकू न आल्यासारखं करायचा, म्हणजे समोरचा पुन्हा, जरा सांभाळून बोलायचा. महागड्या दुकानात "र" जास्त ऐकू आला, स्वस्तातल्या दुकानात कमी. आणि दुसऱ्यांदा सांगताना "र" वाढला. मी हे वाचलं तेव्हा जिन्यातला मी आठवलो. मला कुणी "काय म्हणालास?" असं विचारलं की माझाही "ण" लगेच सरळ होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा भाग करतोय ती सांगतो.

मागच्या वर्षी पप्पांना दाखवायला पुण्यात आणलं. डॉक्टर चांगले होते, शांतपणे विचारत होते. पप्पा म्हणाले, "चालताना दम लागूलालाय. जिना चढलं की जीव घाबरा होऊलालाय." डॉक्टरांनी मान वर केली, एवढंच. त्यांना कळलं नव्हतं असंही नाही. पण मला कसंतरी झालं आणि मी मध्येच बोललो, "म्हणजे त्यांना टेन्शन येतं, डॉक्टर."

मराठीचं मराठीत भाषांतर केलं मी. तेही चुकीचं.

डॉक्टर विचारायला लागले, झोप लागते का, घरात काही काळजी आहे का. दोन-तीन प्रश्न तसेच गेले. मग पप्पाच म्हणाले, "टेन्शन बिन्शन काई नई ओ. दम पुरंना." तिथून गाडी रुळावर आली. पुढं तपासण्या झाल्या, हृदयाच्या झडपेचं निघालं, गोळ्या चालू आहेत, आता बरे आहेत. पण बाहेर रिक्षाची वाट बघताना ते म्हणाले, "मी मराठीच बोलूलाल्तो की. तू कशाला मधी बोललास?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. त्यांच्या बोलण्याची लाज मला वाटली होती, डॉक्टरांना नाही.

आणि हीच चूक आता मशीन करतं. या पॉडकास्टचा मजकूर आम्ही आधी सॉफ्टवेअरकडून काढून घेतो. मी पप्पांच्या आवाजातलं एक रेकॉर्डिंग त्यात टाकून बघितलं. "लागूलालाय" चं त्यानं "लागला आहे" केलं. माझं कामच सॉफ्टवेअरचं असल्यामुळं कारण माहीत आहे. असं सॉफ्टवेअर आवाज ऐकतं, पण त्याचबरोबर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त याचाही अंदाज बांधतं. तो अंदाज त्याला शिकवलेल्या मजकुरातून येतो. "करूलालाय" कुणी लिहीतच नाही, तर ते त्याला येणार कुठून? त्यानं माझ्यासारखंच केलं, जे ऐकलं ते सोडून जे नीट वाटलं ते लिहिलं. या भागातली पप्पांची वाक्यं मी हातानं टाईप केली आहेत.

मी काही उद्यापासून ऑफिसात "करूलालो" म्हणणार नाहीये. नांदेडचा असून तसं म्हणणं खोटंच होईल, आणि दहा वर्षांत बसलेली ढब ठरवून निघत नाही. पण दोन गोष्टी बदलल्या. घरचा फोन आता मी जागेवरच घेतो. आणि पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा पप्पांच्या शेजारी गप्प बसलो. डॉक्टरांनी एक शब्द परत विचारला, पप्पांनी तो समजावून सांगितला, दोन मिनिटं जास्त लागली. बस.

तुम्हाला एकच काम सांगतो. या आठवड्यात घरच्या मोठ्या माणसाला विचारून, त्यांची परवानगी घेऊन, दहा मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा. मुलाखत नको, नाहीतर तेही पुस्तकातलं बोलायला लागतेत. येळवसला भज्जी कशी करतेत ते विचारा, आणि ऐका. मधी बोलू नका.

चला, भेटू पुढच्या भागात.